मुहूर्त नसलेले लग्न : ख्रिस्ताच्या पुनरागमनाची प्रतीक्षा आणि मराठी भक्तीची परिभाषा

महाराष्ट्रातील जुन्या विवाहसोहळ्यात घटिकापात्राला मोठा मान असे. पाण्याने भरलेल्या भांड्यात, तळाला बारीक छिद्र पाडलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवायची. चोवीस मिनिटांनी ती भरून बुडाली की एक घटका झाली. जोशीबुवा तिच्याकडे डोळे लावून बसत, अंतरपाटाच्या दोन बाजूंना वधूवर उभे राहत आणि ठरल्या क्षणी अंतरपाट दूर होई. वऱ्हाड उशिरा आले, कोणी मानपानावरून रुसले, वाटेत गाडीचे चाक मोडले, तरी मुहूर्त आपल्या जागी अढळ असे. घाई आणि विलंब या दोन्ही गोष्टींना अर्थ येई तो त्याच्यामुळे. अशा समाजात वाढलेला वाचक जेव्हा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारींचा दृष्टांत प्रथमच वाचतो, तेव्हा त्याला खटकणारी गोष्ट पाच कुमारींनी तेल नेले नाही ही नसते. त्याला खटकते ते असे की, या लग्नाला मुहूर्तच नाही. वर येणार हे सर्वांना ठाऊक आहे. केव्हा येणार हे कोणालाच ठाऊक नाही.

ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी सिद्ध राहणे ही ख्रिस्ती धर्मजीवनातील एक मूलभूत कल्पना आहे आणि तिचा सगळा भार या न सांगितलेल्या घटकेवर आहे. तो दिवस व ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला आहे, असे शुभवर्तमान सांगते. पुत्रालाही ठाऊक नाही, या विधानाने पुढे धर्मशास्त्रज्ञांना फार अडचणीत टाकले. परंतु लेखकांनी ते गाळले नाही, यातच त्याचे महत्त्व आहे. मार्काच्या तेराव्या अध्यायात घरधनी येण्याच्या चार वेळा मोजून दिल्या आहेत : संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि पहाट. ही रोमन पहाऱ्याची विभागणी होय. मराठी वाचकाला ती परकी वाटत नाही, कारण आपली रात्रही चार प्रहरांचीच आहे.

या कल्पनेसाठी मराठीत रूढ झालेला 'पुनरागमन' हा शब्द मात्र थोडा तपासून घ्यावा लागतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'पारूसिया' असा आहे. त्याचा शब्दशः अर्थ उपस्थिती, सन्निध असणे. 'पुन्हा' ही छटा त्या शब्दात मुळीच नाही. हेलेनिस्टिक जगात राजा किंवा सम्राट एखाद्या नगराला भेट देई, त्या भेटीलाही हाच शब्द वापरीत. अशा वेळी नगरातील प्रतिष्ठित लोक वेशीबाहेर जाऊन राजाला सामोरे जात आणि त्याला सन्मानाने आत घेऊन येत. या सामोरे जाण्याला 'अपांतेसिस' असा शब्द असून तोच दहा कुमारींच्या दृष्टांतात आणि पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आला आहे. आपल्याकडील सीमांतपूजनाची कल्पना यापासून फार दूर नाही. वराला गावाच्या सीमेवर सामोरे जायचे आणि मग त्याच्यासह गावात परतायचे. म्हणजे सिद्धता ही घरात बसून करायची गोष्ट नसून उठून चालू लागण्याची तयारी आहे, हा अर्थ मुळातच त्या शब्दात आहे. उलट 'पुनरागमन' म्हटले की महाराष्ट्रातील घरांत प्रथम आठवतो तो गणपतीच्या उत्तरपूजेचा निरोप. तेथे देवतेने पुन्हा यावे अशी प्रार्थना असते, पण पुढल्या वर्षीची चतुर्थी पंचांगात आधीच छापलेली असते. एकाच शब्दाने दोन अगदी निराळ्या प्रतीक्षा सुचवाव्यात, हे भाषांतराचे नित्याचे भागधेय आहे.

पहिल्या पिढीतील ख्रिस्ती लोकांना हे आगमन आपल्या हयातीत होईल असे वाटत होते. इ. स. 50 च्या सुमारास पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रावरून, आगमनापूर्वीच मरण पावलेल्या आप्तांचे काय, हा त्या मंडळीचा व्याकूळ प्रश्न होता असे दिसते. याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात काही लोक कामधंदा सोडून रिकामे हिंडत असल्याची तक्रार आहे आणि ज्याला काम करावयाचे नाही त्याने जेवूही नये, असा रोखठोक निर्णय त्यावर दिला आहे. प्रतीक्षेतून आळस निपजू शकतो, हे इतक्या लवकर ध्यानात आले होते. अरामी भाषेतील 'मारानाथा' हा उद्गार याच काळातील. तो पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी ग्रीक मजकुरात जसाच्या तसा ठेवला आहे. त्याची फोड दोन प्रकारे करता येते : 'मारान अथा' अशी केली तर आमचा प्रभू आला आहे, आणि 'माराना था' अशी केली तर आमच्या प्रभो, ये. व्याकरणाने हा वाद मिटलेला नाही आणि कदाचित मिटू नये हेच बरे. कारण आलेल्याची वाट पाहणे ही त्या श्रद्धेची विलक्षण अवस्था या एका शब्दात सामावली आहे.

वर्षे गेली, पहिली पिढी गेली, आणि आगमन झाले नाही. विलंबाचा हा अनुभव मत्तयाच्या चोविसाव्या व पंचविसाव्या अध्यायांतील दृष्टांतांत सर्वत्र जाणवतो. दुष्ट चाकर मनात म्हणतो की धनी उशीर लावीत आहे. वर उशीर लावतो. द्रव्य सोपवून परदेशी गेलेला धनी फार काळाने परततो. म्हणून या कथांतील सिद्धता क्षणभराच्या सावधपणाची नाही, ती उशीर सोसण्याची आहे.

दहा कुमारींच्या कथेतील एक तपशील बहुधा नजरेतून सुटतो. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना डुलकी लागली, शहाण्याही झोपल्या. कथेच्या शेवटी जागे राहण्याचा उपदेश आहे खरा, परंतु कथेतला भेद जागी आणि झोपलेली असा नसून, तेल असलेली आणि तेल नसलेली असा आहे. प्रचलित मराठी भाषांतरांत कुमारींच्या हाती 'दिवे' दिलेले असतात. मूळ ग्रीक शब्द 'लाम्पास' असा असून घरात लावायच्या दिव्याला ग्रीकमध्ये 'लिख्नोस' हा निराळा शब्द आहे. 'लाम्पास' म्हणजे बहुधा काठीला चिंध्या गुंडाळून तेलाने भिजवलेली मशाल, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. वऱ्हाडाला सामोरे जाताना, वाऱ्यात, समई उपयोगाची नाही हे उघडच आहे. मशालीचा स्वभाव असा की तिला वरचेवर तेल पाजावे लागते. जेजुरीच्या खंडोबाच्या उपासनेत हे साधन आजही डोळ्यांसमोर आहे. दिवटी आणि तिला तेल घालण्यासाठी बुधली अशी जोडी तेथे कुलाचाराचा भाग असून, दिवटी-बुधली हा जोडशब्दच होऊन बसला आहे. शहाण्या कुमारींनी मशालींबरोबर 'भांड्यांतून' तेल घेतले, असे ग्रीक मजकूर सांगतो. त्यांच्याजवळ दिवटीही होती, बुधलीही होती. इतर पाचजणींनी नुसतीच दिवटी आणली. आरंभी दोन्हींचा उजेड सारखाच दिसला असला पाहिजे. फरक पडला तो मध्यरात्र उलटल्यावर.

मग हे तेल म्हणजे काय? चौथ्या शतकातील योहान क्रिसोस्तोम याने त्याचा अर्थ दानधर्म, दीनांवरील करुणा असा लावला. ग्रीकमध्ये 'एलाइओन' म्हणजे तेल आणि 'एलेओस' म्हणजे दया. या दोन शब्दांचे ध्वनिसादृश्य असे अर्थ सुचवायला पोषक होते. ऑगस्टीनने तेलाचा अर्थ प्रीती असा केला, तर सोळाव्या शतकात ल्यूथरने विश्वास असा. ल्यूथरचा अर्थ समजून घ्यायला त्याची सारी धर्मभूमिका पाठीशी घ्यावी लागते. ऑगस्टीनचा अर्थ मात्र मराठीत आणि संस्कृतात आयताच चालत येतो, कारण 'स्नेह' या एकाच शब्दाने तेलही दर्शविले जाते आणि ममताही. ग्रीकमध्ये ध्वनिसादृश्याने जे सुचवावे लागते ते येथे शब्दाच्या पोटातच आहे. शहाण्या कुमारींनी आपले तेल दुसऱ्यांना का दिले नाही, हा प्रश्न मराठी वाचक हटकून विचारतो आणि त्यांचा तो व्यवहार त्याला कंजूषपणाचा वाटतो. पण आयुष्यभर झिरपून साठलेला स्नेह ऐन वेळी ओतून देता येत नाही, एवढेच येथे अभिप्रेत असावे. तो उसनवारीचा पदार्थ नव्हे.

या कल्पनेला मराठीच्या परंपरेत कोणती माती मिळाली, हे पाहताना प्रथम एक भेद मान्य करावा लागतो. पंढरपुरात देव उभा आहे. पुंडलिकाने विटेवर उभे राहायला सांगितले आणि तो अठ्ठावीस युगे तसाच थांबला आहे. भक्त जातो तेव्हा तो आधीपासून वाट पाहतच असतो. वारकऱ्याची वारी आषाढी-कार्तिकीची, तिथी ठरलेली. येथे प्रतीक्षा देवाची, चालणे माणसाचे. ख्रिस्ती कल्पनेत माणूस थांबतो आणि देव येतो. अर्थात हा भेद सरसकट ताणता येत नाही. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्त दाराशी उभा राहून ठोठावतो आहे, आणि उलट बाजूला, ज्ञानेश्वरांच्या विरहिणींत अंगणात ओरडणाऱ्या कावळ्याला शकुन विचारणारी नायिका पाहुण्याच्या वाटेकडेच डोळे लावून बसली आहे. मराठीत 'वाट पाहणे' म्हणजे शब्दशः रस्त्याकडे पाहणे. प्रतीक्षेची सर्व आर्तता या साध्या क्रियापदात आहे.

जागण्याची कल्पनाही परकी नव्हती. एकादशीचा हरिजागर, खंडोबाचे जागरण, आणि विशेषतः कोजागरी : आश्विनी पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी फिरते आणि कोण जागे आहे असे विचारते, या समजुतीवरून त्या रात्रीला नावच पडले. मध्यरात्री येणारी देवता आणि जागा राहिलेल्याला मिळणारी कृपा, हे चित्र दहा कुमारींच्या चित्राशी इतके जुळते की, मराठी उपदेशकाला त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. मात्र कोजागरीची रात्र वर्षातून एकदा येते आणि आधी ठाऊक असते. दूध आटवून, चंद्र पाहून, मध्यरात्र झाली की झोपायला जाता येते. कल्कीच्या अवताराबाबत तर काळाचे अंतरच इतके प्रचंड आहे की सिद्धतेचा प्रश्न उद्भवत नाही. कलियुगाची 4,32,000 वर्षे पुराणांनी मोजून ठेवली आहेत.

अज्ञात घटकेचे सर्वांत जवळचे साम्य मराठीत मिळते ते अंतकाळाच्या विचारात. गीतेच्या आठव्या अध्यायात, अंतकाळी ज्याचे स्मरण होते त्या भावाला जीव पोचतो, असे सांगितल्यावर लगेच पुढचा श्लोक सर्व काळी माझे स्मरण ठेव आणि युद्धही कर, असे सांगतो. मरणाची वेळ कळणारी नसल्याने स्मरण सर्व काळचे हवे. आणि स्मरण सर्व काळचे असल्याने ते कामाच्या आड येता कामा नये. येथे प्रतीक्षा आणि कर्म यांची घातलेली सांगड थेस्सलनीकाच्या रिकामटेकड्यांना पौलाने सुनावलेल्या बोलांशी अर्थाने मिळतीजुळती आहे. फरक एवढाच की गीतेत विचार एकेका जीवाच्या अंताचा आहे, तर नव्या करारात साऱ्या जगाच्या निवाड्याचा.

मराठीतील पहिल्या मोठ्या ख्रिस्ती काव्यात हा फरक बराचसा मिटलेला आढळावा, यात आश्चर्य नाही. इंग्लंडात जन्मलेला आणि 1579 साली गोव्यात आलेला येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली रोमन लिपीत प्रथम छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' असा शब्द सहज येतो. तत्कालीन कॅथलिक उपदेशात मरण, न्याय, स्वर्ग आणि नरक या चार अंतिम गोष्टींवर भर असे. म्हणजे सिद्धता मुख्यतः स्वतःच्या मरणाची. त्यात 'वैकुंठ' हा स्थलवाचक शब्द आल्यावर भाविकाच्या मनात येणाऱ्याची प्रतीक्षा मागे पडून तेथे जाण्याची ओढ पुढे यावी, असा त्या शब्दाचा स्वाभाविक कल आहे. स्टीफन्सच्या भाषाप्रभुत्वाला यामुळे बाध येत नाही. नव्या श्रद्धेला जुन्या शब्दांचे घर दिले की त्या घराच्या खिडक्या ज्या दिशेला असतील तिकडचेच दृश्य दिसणार.

नारायण वामन टिळकांनी (1861–1919) हे घर जाणूनबुजून निवडले. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी ख्रिस्ताला माउली म्हणतो, गुरू म्हणतो, आणि आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्तापाशी आलो असे मानतो. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त येणार आहे यापेक्षा तो भेटला आहे, हा स्वर बलवान आहे. 'मारानाथा'च्या दोन फोडींपैकी पहिलीकडे त्यांचा ओढा होता, असे म्हणता येईल. मात्र यामुळे ते स्वस्थ बसले नाहीत. 1917 साली साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्यात स्थान होते. येणाऱ्या राज्याची रीत आजच पाळून पाहावी, अशी ती धडपड होती. दोन वर्षांत टिळक वारले. त्यांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले.

प्रतीक्षेचे दुसरे टोक म्हणजे तारीख काढण्याचा हव्यास. त्याचा इतिहास लांबलचक आणि काहीसा करुण आहे. येथे एकच उदाहरण पुरे. अमेरिकेतील विल्यम मिलर याने दानीएलाच्या ग्रंथातील आकड्यांवरून गणित मांडले आणि त्याच्या अनुयायांनी अखेर 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस ठरवला. कित्येकांनी त्या वर्षी शेतातले पीकही काढले नाही. दिवस उजाडला आणि मावळला. मुहूर्त नसलेल्या लग्नाला मुहूर्त काढून देण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्यात फसवणूक झाली ती त्यातल्या त्यात प्रामाणिक माणसांचीच.

या सर्व प्रश्नाला मराठी मुलखात सर्वांत कठोर कसोटी लागली ती पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) आयुष्यात. तिचा आरंभ त्यांच्या ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी शोधावा लागतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत हिंडत असत. 1870 नंतरच्या दशकातील दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. जवळचे होते ते दानधर्मात संपले होते. अंगमेहनतीचे काम या विद्वान घराला शिकवलेलेच नव्हते. देव कृपा करील या आशेने उपासतापास आणि अनुष्ठाने चालू राहिली. 1874 साली आईवडील आणि पाठोपाठ मोठी बहीण गेली. 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा काळ सांगितला आहे. तो वाचताना जाणवते की, हात जोडून वाट पाहणे म्हणजे काय असते, हे त्यांना ग्रंथांतून शिकायचे नव्हते. या आठवणीचा उपयोग एका धर्माच्या विरुद्ध दुसऱ्याची बाजू मांडण्यासाठी पुष्कळ झाला आहे. तो बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. प्रतीक्षा आणि उपासमार एकाच घरात आल्यावर भक्ताने काय करावयाचे?

1896–97 च्या दुष्काळात त्याचे उत्तर त्यांनी कृतीने दिले. तोपर्यंत पुण्यात शारदासदन चालविणाऱ्या रमाबाई स्वतः मध्य प्रांतातील दुष्काळी भागात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगावी त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. विहिरी खोदल्या, शेती झाली, विणकाम, शिवणकाम, दुग्धालय, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग निघाले. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातील विश्वासू चाकराची व्याख्या येथे आठवते. धनी येईल तेव्हा तो आढळावा तो आकाशाकडे पाहत असलेला नव्हे, तर घरच्या माणसांना यथाकाळी अन्न देत असलेला. आणि पंचविसाव्या अध्यायाचा शेवट तर याहून पुढे जातो. निवाड्याच्या वेळी राजा सांगतो की मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, बंदीत होतो. आणि ज्यांनी त्याला खाऊ घातले ते गोंधळून विचारतात की आम्ही तुला केव्हा पाहिले? ज्याची वाट पाहिली तो आधीच येऊन गेला होता आणि ते सिद्ध होते, हे त्यांचे त्यांनाच माहीत नव्हते. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणाऱ्या एकनाथांची आख्यायिका ज्या प्रदेशात घरोघर सांगितली जाते, त्याला हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही.

तरीही मुक्तिसदनाला केवळ अन्नछत्र समजणे चुकीचे होईल. तेथे प्रतीक्षाही तितकीच तीव्र होती. 1905 च्या आरंभी रमाबाईंनी मुलींचा एक प्रार्थनागट सुरू केला; त्या वर्षीच्या जूनमध्ये तेथे जे धार्मिक उत्थान झाले त्याच्या हकिकती दूरदूरच्या देशांत वाचल्या गेल्या. मुली रात्र-रात्र प्रार्थना करीत, रडत, अंगात अग्नी शिरल्याचे सांगत. एका मुलीच्या अंगावर आग पाहून दुसरी पाणी आणायला धावली, अशीही कथा आहे. तेथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी 1906 साली त्यावर पुस्तिका लिहिली आणि ती चिलीतील वाल्पाराइसो येथे पोहोचून तेथील 1909 च्या पेंटेकॉस्टल चळवळीला प्रेरक ठरली. या चळवळींत ख्रिस्ताचे आगमन अगदी समीप आहे अशी भावना प्रबळ होती. केडगावचे वैशिष्ट्य हे की, उत्थानाच्या या भरातून विहिरी, घाणा आणि शाळा बंद पडल्या नाहीत. रात्री ज्या प्रार्थनेला बसत त्यांनाच दिवसा दळण, स्वयंपाक आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करायची होती. इतक्या माणसांच्या घरात दुसरा मार्गही नव्हता. दिवटी आणि बुधली ही येथे एकाच हातात होती.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांतील मोठे काम भाषांतराचे होते आणि स्टीफन्स-टिळकांच्या वाटेशी त्यांची वाट येथे फुटते. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने आपल्या बायबलासाठी संस्कृतप्रचुर आणि हिंदू धर्मकल्पनांनी भारलेले शब्द टाळायचे ठरवले. वेदशास्त्रांची भाषा जिला मुखोद्गत होती तिनेच ती दूर सारावी, यात एक कडवेपणा आहे, आणि साहित्यदृष्ट्या या निर्णयाची किंमत त्यांच्या भाषांतराला मोजावी लागली हेही खरे. टिळकांचे अभंग मराठी कानाला गोड लागतात. रमाबाईंचे गद्य पुष्कळदा खडबडीत वाटते. पण त्यांच्यापुढे वाचक होता तो दुष्काळातून आलेली, नुकतीच अक्षरे गिरवलेली मुलगी. 'वैकुंठ' किंवा 'पुनरागमन' अशा शब्दांमागचे जग तिच्या वाट्याला कधी आलेच नव्हते, किंवा आले ते तिला दाराबाहेर ठेवूनच. तिला 'जागी राहा' हे दोन शब्द कळणे पुरे होते.

यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. नवा करार 1913 साली निघाला. जुन्या कराराचे काम पुढे कितीतरी वर्षे चालले. खिळे जुळवणे, छापणे आणि बांधणी हे सर्व मुक्तिसदनातील स्त्रियाच करीत. 1921 साली एकुलती मुलगी मनोरमा वारली. स्वतःची प्रकृती ढासळत असता रमाबाई शेवटची मुद्रिते तपासत होत्या, आणि ती पुरी व्हावीत म्हणून त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले, अशी आठवण सांगितली जाते. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडायला 1924 साल उजाडले. खिळे जुळवणाऱ्या स्त्रिया त्या दोन वर्षांत कामावर होत्या.